ओटीपोटाचं जुनं दुखणं आणि मूल न राहणं: आधी उपचार कशाचा?

प्रश्न थोडक्यात असा: वय 29, चोपडा तालुका, लग्नाला साडेचार वर्षं. दोन वर्षांपासून ओटीपोट दुखतं, पाळीच्या आधीचे दोन दिवस आणि पाळीत जास्त. संबंधाच्या वेळी आत खोलवर कळ येते. अजून एकदाही दिवस राहिलेले नाहीत. ‘पिशवीला सूज’ म्हणून अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. एका ठिकाणी पिशवीच्या अस्तराची टीबी पीसीआर (जंतूंचे जनुकीय तुकडे शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह आली म्हणून टीबीची औषधं सुरू करायला सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी सहा महिने घ्या, मग दिवस राहतील, असं सांगितलं. सासूबाईंचं म्हणणं, एकदा मूल झालं की दुखणं आपोआप जाईल. नवऱ्याची तपासणी झालेली नाही. दुखण्यामुळेच मूल राहत नाही का, आणि आता सुरुवात कुठून करायची?

ताई, दुखणं स्वतः गर्भधारणा अडवत नाही. दुखणं आणि मूल न राहणं या दोन्हींच्या मुळाशी एकच आजार असू शकतो. एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं), नळ्यांचा जुना संसर्ग, जननमार्गाचा टीबी आणि अॅडिनोमायोसिस (तेच अस्तर पिशवीच्या भिंतीत शिरणं) ही त्यातली मोठी नावं. पण दुखणं आतड्याचं, लघवीच्या पिशवीचं किंवा स्नायूंचं असेल आणि मूल न राहण्याचं कारण नवऱ्याच्या वीर्यात असेल, असंही बऱ्याचदा निघतं. ही गाठ सोडवायच्या आधी एक गोष्ट पक्की करा. दुखणं शमवणारी बहुतेक हार्मोनची औषधं बीज बाहेर पडणंच थांबवतात. म्हणजे दुखण्याचा उपचार आणि मुलासाठीचा उपचार पुष्कळदा उलट्या दिशेने जातात. आत्ता मूल हवंय की आत्ता आराम हवाय, हे तुम्ही दोघांनी ठरवून डॉक्टरांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायचं. ते न सांगितल्यामुळे वर्षंच्या वर्षं जातात.

डायनोजेस्टचंच बघा. एंडोमेट्रिओसिसच्या दुखण्यावर ही गोळी, रोज 2 मिलिग्रॅम, चांगलं काम करते. पण ती चालू असेपर्यंत दिवस राहणं अपेक्षित नाही, आणि ती बंद केल्यावर गर्भधारणेची शक्यता आधीपेक्षा वाढते असंही नाही. नुसत्या मुलासाठी म्हणून अंडाशय झोपवणारी औषधं देऊ नयेत, असं युरोपातल्या वंध्यत्व तज्ज्ञांच्या संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. दुखणं असह्य असेल आणि वर्षभर मूल पुढे ढकलायची तुमची तयारी असेल, तर गोळी जरूर घ्या. ‘गोळीने दिवस राहतील’ या आशेवर घेऊ नका. सासूबाईंच्या मताचंही तसंच. गरोदरपणात पाळी बंद असते म्हणून पुष्कळजणींना बरं वाटतं, पण बाळंतपणानंतर पाळी सुरू झाली की आजार परत डोकं वर काढू शकतो. मूल हा या आजारावरचा उपचार नाही.

दुखणं नेमकं कसलं आहे ते कळायला महागडी तपासणी लागत नाही, एक वही लागते. दोन पाळ्यांची नोंद ठेवा. रोज रात्री दुखणं 0 ते 10 मध्ये किती, पाळीचा कितवा दिवस, त्या दिवशी शौचाला किंवा लघवीला दुखलं का, संबंध आला का आणि तेव्हा योनीच्या दारापाशी दुखलं की आत खोलवर, वेदनाशामक किती गोळ्या लागल्या. दवाखान्यात नुसतं ‘पोट दुखस’ म्हणून सांगितलं की समोरचा डॉक्टरही वेदनाशामक आणि अँटिबायोटिक लिहून मोकळा होतो. या वहीवरून निम्मं निदान होतं. पाळीच्या आधी वाढणारं, शौचाच्या वेळी सुरीसारखं टोचणारं, आत खोलवरचं दुखणं एंडोमेट्रिओसिसकडे बोट दाखवतं. लघवीची पिशवी भरली की दुखतं आणि लघवी झाली की मोकळं वाटतं, ते दुखणं मूत्राशयाचं. पोट साफ झाल्यावर हलकं वाटतं, कधी पातळ कधी घट्ट, ते आतड्याचं. दिवसभर मिरचीच्या पथारीवर उकिडवं बसून किंवा कापूस वेचताना कमरेला वजन बांधून वाकल्यावर संध्याकाळी वाढणारं दुखणं स्नायूंचं असू शकतं. आपल्याकडे खानदेशात आणखी एक भर आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, शेतात आडोसा नाही म्हणून बायका पाणी कमी पितात आणि लघवी दाबून धरतात. त्यातून होणारा लघवीचा संसर्ग आणि मुतखडा ‘पिशवीचं दुखणं’ म्हणून वर्षानुवर्षं फिरत राहतो. लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं, त्यासाठी सुरुवातीला पुरतं.

डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी टाळू नका. नुसत्या सोनोग्राफीवर पुढे जाणं ही आपल्याकडची मोठी चूक आहे. उताणं झोपवून दुखऱ्या जागेवर बोट दाबायचं आणि डोकं-खांदे उचलायला सांगायचं. दुखणं वाढलं तर ते पोटाच्या भिंतीचं, म्हणजे स्नायूचं किंवा सिझरच्या वा अपेंडिक्सच्या जुन्या टाक्यात अडकलेल्या नसेचं. तिथे भूल देण्याच्या औषधाचं छोटं इंजेक्शन दिलं की निदान आणि उपचार एकदमच होतो. आतून तपासताना आधी एकाच बोटाने दोन्ही बाजूंचे स्नायू दाबून पाहायचे. ते दोरीसारखे ताठ आणि दुखरे असतील तर तीही वेदनेची स्वतंत्र जागा आहे. मग पिशवीचं तोंड हलवून पाहायचं. ते हलवताच कळ आली तर संसर्गाचा संशय. मागच्या बाजूला गाठी लागल्या किंवा पिशवी मागे चिकटून हलतच नसेल तर एंडोमेट्रिओसिसचा.

सोनोग्राफी योनीमार्गातून, लघवी करून मोकळ्या मूत्राशयाने करायची. पाणी पिऊन, लघवी दाबून पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत बारीक गोष्टी सुटतात. तपासणाऱ्याने फक्त चित्रं न काढता पिशवी आणि आतडं एकमेकांवर सरकतात का, अंडाशय दाबल्यावर हलतात का, हे पाहून रिपोर्टात लिहायला हवं. चॉकलेट सिस्ट (एंडोमेट्रिओसिसमुळे अंडाशयात झालेली जुन्या रक्ताची गाठ), पाणी भरलेली नळी, पिशवीच्या भिंतीतला अॅडिनोमायोसिस एवढं यात चांगलं दिसतं. पोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर पसरलेले एंडोमेट्रिओसिसचे बारीक डाग दिसत नाहीत. म्हणून सोनोग्राफी नॉर्मल आली तरी दुखणं मनाचं ठरत नाही. आणि आजार किती पसरला यावर दुखणं किती हे ठरत नाही. चार डागांनी लोळायला लावणारं दुखणं होतं, तर दोन्ही अंडाशयांत मोठ्या सिस्ट असलेलीला काहीच जाणवत नाही.

रिपोर्टातल्या काही शब्दांनी आपल्याकडे विनाकारण घबराट होते, त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. ‘बल्की युटेरस’ म्हणजे पिशवी नेहमीपेक्षा थोडी मोठी. त्याचं ‘पिशवीला सूज’ असं भाषांतर होतं, आणि सूज म्हटल्यावर अँटिबायोटिक आलंच. पिशवी मोठी असण्याची कारणं बहुतेकदा अॅडिनोमायोसिस किंवा फायब्रॉइड (पिशवीच्या स्नायूची साधी गाठ) असतात. त्यावर अँटिबायोटिक काही करत नाही. ‘मिनिमल फ्री फ्लुइड इन पीओडी’ म्हणजे पिशवीमागे थोडं पाणी. बीज फुटल्यावर ते प्रत्येकीला दिसू शकतं. ‘रेट्रोव्हर्टेड’ म्हणजे पिशवी मागे कललेली, जिला ‘उलटी पिशवी’ म्हणतात. ती मोकळी हलत असेल तर ती ना दुखण्याचं कारण ना वंध्यत्वाचं. चिकटून बसली असेल तर मात्र अर्थ आहे. ‘नॅबोथियन सिस्ट’ म्हणजे पिशवीच्या तोंडावरची बारीक निरुपद्रवी गाठ, दुर्लक्ष करण्यासारखी. ‘पीसीओडी’मुळे पाळी लांबते आणि बीज वेळेवर तयार होत नाही, पण पोट दुखत नाही. पीसीओडी लिहिलंय आणि पोटही दुखतंय, तर दुखण्याचं कारण दुसरं शोधायचं. सीए-125 नावाची रक्ततपासणी एंडोमेट्रिओसिसच्या निदानासाठी करू नये. ती पाळीतही वाढते, टीबीतही वाढते, आणि आजार असूनही नॉर्मल येते.

आता संसर्ग. तुमचे तीन कोर्स झाले, पण ते किती दिवसांचे आणि कोणत्या औषधांचे होते, ते चिठ्ठीवर बघा. नळ्यांच्या संसर्गाचा उपचार 14 दिवसांचा असतो, पाच दिवसांचा नाही. सरकारी रुग्णालयांच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात, यासाठी पिवळ्या रंगाचं किट क्रमांक 6 मोफत मिळतं: सेफिक्झिम 400 मिलिग्रॅम एकदाच, डॉक्सीसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा 14 दिवस आणि मेट्रोनिडॅझोल 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा 14 दिवस. सुरू करण्याआधी लघवीची गरोदरपणाची चाचणी करायची, कारण गरोदरपणात डॉक्सीसायक्लिन देत नाहीत. ही गोळी पेलाभर पाण्यासोबत बसून घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. दूध आणि लोहाच्या गोळ्या तिच्यासोबत नकोत, त्यामुळे औषध रक्तात कमी उतरतं. ऊन लागून कातडी भाजते, म्हणून त्या दोन आठवड्यांत शेतात जाताना हात आणि तोंड झाका. मेट्रोनिडॅझोल सुरू असताना दारू वर्ज्य. तीन दिवसांत फरक पडला नाही तर गोळ्या बदलत बसू नका, पू झालाय का ते पाहायला सोनोग्राफी लागते. आणि नवऱ्याचा उपचार झाला नाही तर हा संसर्ग परत येतो. तिन्ही कोर्स एकट्या बाईला दिले असतील, तर ते तीन वेळा अपुरेच झाले.

पण मुळात तेव्हा संसर्ग होता का, हाही प्रश्न आहे. ताप नाही, वास येणारा स्राव नाही, पिशवीचं तोंड हलवल्यावर दुखणं नाही, आणि तरी दर दोन महिन्यांनी ‘पांढरं जातं’ म्हणून अँटिबायोटिक, हे आपल्याकडे फार चालतं. पाळीच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा तार धरणारा स्राव निरोगी असतो. मूल हवं असेल तर तो हवाच, कारण शुक्राणू त्यातूनच वर चढतात. खऱ्या संसर्गाला मात्र हलकं घेऊ नका. स्वीडनमधल्या लुंड शहरात बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून जो अभ्यास झाला, त्यात एका संसर्गानंतर सुमारे 8 टक्के, दोनांनंतर सुमारे 20 टक्के आणि तीन किंवा जास्त संसर्गांनंतर सुमारे 40 टक्के बायकांना नळ्यांमुळे वंध्यत्व आलं. नळ्यांच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. नळी एक्सरेत उघडी दिसते, पण बीज वाहून नेत नाही.

टीबीबद्दल. आपल्या भागात जननमार्गाचा टीबी खरोखर आढळतो. तो बहुतेक वेळा आधी नळ्यांत बसतो, मग अस्तरात उतरतो. पाळी कमी-कमी होत जाणं, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, घरात कुणाला टीबी झालेला असणं, या गोष्टी संशय वाढवतात. पुष्कळदा मात्र मूल न राहणं एवढंच लक्षण असतं. पण निव्वळ एका पीसीआर रिपोर्टवर सहा महिन्यांची औषधं सुरू करणं मला मान्य नाही. ही चाचणी मेलेल्या जंतूंचे तुकडेही पकडते, आणि प्रयोगशाळेत नमुना दूषित झाला तरी पॉझिटिव्ह येते. पाळीच्या आधीच्या आठवड्यात अस्तराचा नमुना घेऊन तो तीन ठिकाणी द्यायचा: सीबीनॅट (बंद यंत्रात होणारी टीबीची जनुकीय चाचणी), कल्चर आणि सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी. यात एक बारीक गोष्ट नेहमी चुकते. सीबीनॅट आणि कल्चरचा नमुना साध्या सलाईनमध्ये द्यायचा आणि फक्त सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीचा फॉर्मॅलिनमध्ये. सगळा नमुना फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला की जंतू मरतात आणि कल्चर कायमचं निगेटिव्ह. सीबीनॅट पॉझिटिव्ह आली तर भरवसा ठेवा. निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाहीच असं म्हणता येत नाही, कारण अस्तरात जंतू फार थोडे असतात. संशय दाट असेल तर पोटात दुर्बीण घालून (लॅपरोस्कोपी) नळ्या बघाव्या लागतात. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी ठरवणाऱ्या चाचण्यांवर भारतात 2012 पासून बंदी आहे. कुणी तो रिपोर्ट दाखवला तर बाजूला ठेवा.

टीबी सिद्ध झाला तर औषधं सरकारी केंद्रातून मोफत मिळतात. पहिले दोन महिने चार औषधं, नंतरचे चार महिने तीन, एकही दिवस न चुकवता. निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर नोंद झाली की पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात. नोव्हेंबर 2024 आधी ते 500 होते. टीबीच्या औषधांतल्या रिफॅम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्या आणि डायनोजेस्ट यांचा असर कमी होतो, म्हणून दोन्ही दवाखान्यांच्या चिठ्ठ्या एकमेकांना दाखवा. औषधांनी जंतू मरतात, पण खराब झालेली नळी सुधारेलच असं नाही. अस्तर शाबूत असेल तर टेस्ट ट्यूबचा (आयव्हीएफचा) मार्ग उघडा राहतो. अस्तर चिकटून संपलं असेल तर तोही कठीण होतो. म्हणूनच वारंवार ‘पिशवी धुणं’, म्हणजे क्युरेटिंग, कारणाशिवाय करून घेऊ नका. प्रत्येक खरडण्याने अस्तर चिकटण्याचा धोका वाढतो.

नंदुरबारकडच्या, विशेषतः धडगाव, अक्कलकुवा, तळोदा पट्ट्यातल्या भिल्ल-पावरा कुटुंबातल्या बहिणींसाठी एक वेगळी सूचना. ओटीपोट, कंबर आणि सांधे एकदम दुखत असतील तर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार तपासा. सिकलच्या वेदनेचा झटका पोटातही येतो. आधी साधी विद्राव्यता चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी तपासणी. सिकलसेलचा आजार असलेल्या बाईला इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या शक्यतो देत नाहीत, रक्ताच्या गुठळीची भीती असते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला हे माहीत असायलाच हवं. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर बाळाबद्दलचा सल्ला दिवस राहायच्या आधी घ्यायचा.

मुलाच्या बाजूने पाहिलं तर सगळ्यात आधी नवऱ्याची वीर्यतपासणी. बाईच्या दुर्बिणीनंतर नाही, त्याच्या आधी. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा आणि तासाभरात प्रयोगशाळेत पोचवायचा. घरून आणत असाल तर डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा. उन्हात तापलेल्या मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवलेला नमुना चोपड्याहून जळगावला पोचेपर्यंत निकामी होतो, आणि मग चांगल्या माणसाला वाईट रिपोर्ट मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा अशी: प्रमाण 1.4 मिलिलिटर, एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी 60 लाख शुक्राणू, हालचाल करणारे 42 टक्के, पुढे सरकणारे 30 टक्के, योग्य आकाराचे 4 टक्के. याखाली आलं तरी एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही, काही आठवड्यांनी परत करायचा.

साडेचार वर्षांतले एकत्र राहिलेले महिने किती, हेही मोजा. सुरतेला कामाला गेलेला नवरा, उसतोडीचे महिने, आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी जाऊन लांबलेला मुक्काम हे सगळं वजा करा. त्यात संबंध दुखतो म्हणून टाळला जात असेल, तर प्रत्यक्ष प्रयत्न फारच थोडे झालेले असतात. 28 दिवसांची पाळी असेल तर दहाव्या ते सोळाव्या दिवसात एक दिवसाआड संबंध पुरतो. पाळी 32 दिवसांची असेल तर हे दिवस चारने पुढे सरकतात. खोलवर दुखत असेल तर कुशीवर झोपून किंवा बाईने वर राहून करा, म्हणजे खोली तिच्या ताब्यात राहते. संबंध पूर्ण होतच नाही, दारापाशीच आग होते आणि पाय आवळले जातात, असं असेल तर ते लाज न बाळगता सांगा. एका खोलीच्या घरात सासरची माणसं पलीकडे झोपलेली असताना हे घडणं नवल नाही. अशा जोडप्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि तरी वर्षानुवर्षं तपासण्या होत राहतात. यावर उपचार आहे: स्नायू सैल करण्याची फिजिओथेरपी आणि योनीमार्ग हळूहळू सैल करायला लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने वापरायच्या गुळगुळीत नळ्या, म्हणजे डायलेटर, रोज दहा मिनिटं.

स्नायू ताठ असणाऱ्यांनी केगलचा, म्हणजे आवळायचा, व्यायाम करू नये. तो दुखणं वाढवतो. उताणं पडून, गुडघे वाकवून, श्वास घेताना पोट फुगवायचं आणि खालचे स्नायू सैल सोडायचे, दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं. शेकायला गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून वीस मिनिटं. वर्षानुवर्षं शेकून कातडीवर जाळीदार डाग पडले असतील, तर डॉक्टरांना दाखवा. दुखणं किती जुनं आहे त्याचा तो पुरावा असतो.

मूल हवं असताना वेदनाशामकही जपून. मेफेनॅमिक ॲसिड 500 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, जेवणानंतर, पाळीच्या आदल्या दिवसापासून दोन-तीन दिवस घ्यायला हरकत नाही, मात्र पोटात अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास नसावा. दिवस राहण्याची शंका असेल तर आधी चाचणी. पण पाळीच्या मध्यावर या गोळ्या रोज घेतल्या तर बीज पिकूनही फुटत नाही, असं होऊ शकतं. त्या दिवसांत पॅरासिटामॉल घ्या. ‘नसांची गोळी’ म्हणून गॅबापेंटिन सर्रास दिलं जातं. कारण न सापडलेल्या ओटीपोटाच्या दुखण्यावर त्याचा उपयोग होत नाही, हे 2020 साली ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं. फॉलिक ॲसिड 400 मायक्रोग्रॅम रोज आतापासूनच.

नळ्यांचा एक्सरे पाळीच्या सहाव्या ते दहाव्या दिवसात, रक्तस्राव थांबल्यावर, त्या पाळीत संबंध न ठेवता. ओटीपोटात ताजा संसर्ग किंवा टीबीचा दाट संशय असेल तर तो करायचा नाही, आजार भडकतो. पिशवीजवळच्या टोकाला नळी ‘ब्लॉक’ दिसली तर लगेच धीर सोडू नका. तिथला स्नायू आवळला तरी तसंच दिसतं. लांबच्या टोकाला फुगलेली, पाणी भरलेली नळी मात्र खरी अडचण आहे. तिच्यातलं पाणी पिशवीत उतरून गर्भ रुजू देत नाही, आणि टेस्ट ट्यूबचं यशही निम्म्यावर येतं. म्हणून अशी नळी आधी काढतात किंवा पिशवीपाशी बांधतात. मुलासाठी आलेल्या बाईची नळी काढायची म्हटलं की घरचे हबकतात, पण इथे तेच योग्य आहे.

दुर्बीण फक्त ‘आत बघायला’ करून घेऊ नका. एकदाच करायची आणि त्यातच सगळं उरकायचं: डाग जाळणं किंवा काढणं, चिकटलेलं सोडवणं, निळं पाणी सोडून नळ्या तपासणं, अस्तराचा नमुना घेणं. संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा की एंडोमेट्रिओसिस सापडला तर तो इथेच काढणार का, आणि व्हिडिओ देणार का. शस्त्रक्रियेनंतर ईएफआय नावाचा 0 ते 10 चा गुणांक मागा. वय, किती वर्षं मूल नाही, आणि नळ्या-अंडाशय किती कामाचे उरलेत, यावरून नैसर्गिकपणे दिवस राहण्याची शक्यता त्यातून कळते. गुण चांगले, नळ्या मोकळ्या, वय पस्तिशीच्या आत, तर सहा महिने घरीच प्रयत्न, मग बीजवाढीच्या गोळ्यांसह तीन-चार वेळा आययूआय, म्हणजे धुतलेलं वीर्य थेट पिशवीत सोडणं. गुण कमी असतील, नळ्या खराब असतील किंवा वय पुढे गेलं असेल, तर आययूआयमध्ये पैसा आणि महिने न घालवता टेस्ट ट्यूब. सुरत, नाशिक, इंदूर कुठेही जा, केंद्र कृत्रिम गर्भधारणा केंद्रांसाठीच्या 2021 च्या कायद्याखाली नोंदलेलं आहे का ते पाहा.

चॉकलेट सिस्ट दिसली की काढलीच पाहिजे असं नाही. ती काढताना तिच्याबरोबर अंडाशयातली चांगली बीजंही जातात, आणि दोन-तीनदा शस्त्रक्रिया झालेल्या अंडाशयात फारसं काही उरत नाही. म्हणून हात लावण्याआधी एएमएच, म्हणजे अंडाशयात बीजं किती उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, करा. दुखणं फार असेल, सिस्ट वाढत असेल, तिचं रूप संशयास्पद असेल किंवा टेस्ट ट्यूबसाठी बीज काढायला सुईची वाट अडत असेल, तर काढा. सुईने नुसतं पाणी ओढून घेतलं तर ती परत भरते. आणि ‘पिशवीच काढून टाका, कटकट संपेल’ हा सल्ला मूल हवं असलेल्या 29 वर्षांच्या बाईला कुणी दिला, तर तिथून उठून या. बीडच्या उसतोड कामगार बायकांच्या पिशव्या कमी वयात सर्रास काढल्याचं 2019 मध्ये गाजलं. तिथेही पांढरं जाणं आणि पोटदुखी हीच कारणं पुढे केली जात होती.

तुमच्या बाबतीत क्रम असा धरा. या महिन्यात वही, नवऱ्याची वीर्यतपासणी, लघवीची तपासणी, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि एएमएच. पुढच्या पाळीनंतर हाताने तपासणी आणि योनीमार्गातून नीट सोनोग्राफी. तुमच्या लक्षणांवरून माझा पहिला संशय एंडोमेट्रिओसिसचा आहे, टीबीचा दुसरा. म्हणून नळ्यांचा एक्सरे वेगळा न करता, एकाच दुर्बिणीत नळ्या, डाग आणि टीबीचे नमुने तिन्ही उरकावेत, हे मला जास्त पटतं. वीर्यात मोठा दोष निघाला तर दुर्बिणीची गरजच पुन्हा तपासायची, कारण मग टेस्ट ट्यूबकडे थेट जाता येतं.

पाळी चुकली तर थांबू नका. आठवडाभरात चाचणी करा, आणि पॉझिटिव्ह आली की शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून साडेपाच ते सहा आठवड्यांना योनीमार्गातून सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे याची खात्री करा. नळ्या खराब असलेल्या बायकांत गर्भ नळीत अडकण्याचा धोका जास्त असतो. पाळी चुकलेली असताना एका बाजूला जोराची कळ, खांदा दुखणं, घेरी येणं, यातलं काही झालं तर चाचणी, सोनोग्राफी, कशाचीच वाट न पाहता 108 बोलवा. सातपुड्यातल्या पाड्यावरून जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचायला तास जातात, म्हणून तिकडच्या बहिणींनी पाळी चुकल्यावरचे दोन आठवडे रस्त्यालगतच्या गावात नातेवाइकांकडे राहता आलं तर राहावं.